स्कॅनडिस्क सारखा पहिल्यापासून सुरू होतोय? आधी बघा, डिस्कवर लिहून कोण राहिलंय

विंडोज ९८ वर स्कॅनडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचाच प्रोग्राम) लावला, पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि एकदम परत शून्यावर. परत अर्ध्यापर्यंत, परत शून्यावर. मग थोड्या वेळानं एक चौकट येते, त्यात लिहिलेलं असतं की विंडोज किंवा दुसरा कुठला तरी प्रोग्राम या ड्राइव्हवर लिहितोय म्हणून स्कॅनडिस्क १० वेळा नव्यानं सुरू झालाय, चालू असलेले काही प्रोग्राम बंद केले तर काम लवकर आटपेल, आणि ही सूचना पुढेही दाखवू का असं विचारते. बहुतेक जण इथं 'नाही' दाबतात, मशीन रात्रभर तशीच चालू ठेवतात आणि सकाळी येऊन बघतात तर पट्टी पुन्हा सुरुवातीलाच. मग कुणीतरी सांगतं की डिस्क गेली, फॉरमॅट मारा.

मला या शेवटच्या सल्ल्याचा खरंच राग येतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझ्या मामाजींचा नागपूरच्या महाल भागात छोटा छापखाना आहे, बडकस चौकातून आत गेलं की गल्लीत. तिथं एक विंडोज ९८ ची मशीन अजून रोज चालते. चालते म्हणजे तिच्यावाचून चालतच नाही, कारण तिच्यात पेजमेकर ६.५ (छपाईची पानं जुळवायचा प्रोग्राम) आहे, जुना मराठी फॉन्ट आहे (युनिकोडच्या आधीचा, म्हणजे दुसऱ्या कंप्युटरवर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो) आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं फॉन्टचं हार्डवेअर लॉक आहे (ते लावलेलं असलं तरच फॉन्ट चालतो), ते नव्या मशीनला लावायला जागाच नसते कारण तो पॅरलल पोर्टच नसतो. महालातल्या, इतवारीतल्या कितीतरी घरांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, देवळांच्या आरत्यांची पुस्तकं, सगळं त्या एका डिस्कवर. एप्रिल-मे म्हणजे लग्नाचा सीझन, त्यात दुपारी लाइट गेली, मशीन धाडकन बंद पडली, परत चालू केल्यावर स्कॅनडिस्कनं चुका दाखवल्या आणि मग पूर्ण तपासणी लावली तर ती संपेचना. एका दुकानात दाखवलं तर त्यांनी पाच मिनिटांत फॉरमॅट सांगितलं. मामाजींनी मला फोन केला, "बाबू, दोन घरच्या पत्रिका अडकल्या नं इथं, आणि हे सारखं मागंच जाऊन राहिलं, तू एकदा येऊन पाह्यतं का?"

आता हे होतं का ते आधी समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये स्कॅनडिस्क चालू डिस्कवरच काम करतो, म्हणजे ज्या सी ड्राइव्हवर विंडोज स्वतः बसलंय तोच ड्राइव्ह तो तपासत असतो. फॅट पद्धतीच्या (विंडोज ९८ ची फाइली मांडायची पद्धत) डिस्कवर कुठली फाइल कुठल्या क्लस्टरमध्ये, म्हणजे जागेच्या कुठल्या तुकड्यात, आहे याचा एक तक्ता असतो, त्याच्या दोन प्रती असतात, स्कॅनडिस्क त्या दोन्ही ताडून बघतो, फोल्डर तपासतो, दोन फाइलींनी एकाच क्लस्टरवर हक्क सांगितलाय का ते बघतो, कुणाच्याच नावावर नसलेले क्लस्टर शोधतो. हे चालू असताना दुसऱ्या कुणी डिस्कवर काही लिहिलं की याच्याजवळची माहिती जुनी झाली. दुकानदार स्टॉक मोजायला बसलाय आणि मागच्या दारानं पोऱ्या पोती आत-बाहेर करून राहिला, तर मोजणी परत पहिल्यापासूनच करावी लागेल नं, तसंच. स्कॅनडिस्क इथं अगदी बरोबर वागतो, जुन्या माहितीवर दुरुस्ती केली असती तर चांगल्या फाइलींची वाट लागली असती. डीफ्रॅगही (विखुरलेल्या फाइली सलग लावणारा प्रोग्राम) याच कारणानं मध्येच नव्यानं सुरू होतो, त्याच्यात तर स्पष्ट लिहून येतं की ड्राइव्हवरचा मजकूर बदलला म्हणून पुन्हा सुरू करतोय.

म्हणून पहिलं निदान हे करा. पट्टी दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणाहून मागे जाते का, की एकाच ठिकाणी अडकून बसते? वेगवेगळ्या ठिकाणाहून मागे जात असेल तर कुणीतरी लिहितंय, डिस्कचा त्यात दोष असेलच असं नाही. एकाच ठिकाणी गाडी थांबत असेल, मशीन गोठल्यासारखी होत असेल आणि आतून टक् टक् असा आवाज येत असेल तर तो बॅड सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागेचा, मामला आहे आणि तिथं काहीही तपासण्याआधी डेटा बाहेर काढायचा. मामाजींच्या मशीनची पट्टी कधी पावावर, कधी अर्ध्यावर, कधी पाऊण झाल्यावर मागे जात होती. म्हणजे पहिला प्रकार.

तरीही मी बॅकअपच्या आधी कशालाच हात लावू दिला नाही, आणि तुम्हीही लावू नका. विंडोज ९८ मध्ये पेनड्राइव्ह लावला की लगेच दिसत नाही, वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे सरळ मशीन बंद करून डिस्क काढली आणि जुन्या जोडणीची डिस्क यूएसबीला लावणारा आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली (सीताबर्डीत असले अडॅप्टर सहज मिळतात, स्वतःची वेगळी पॉवर असलेला घ्या, जुन्या साडेतीन इंची डिस्कला नुसत्या यूएसबीची पॉवर पुरत नाही). नवीन विंडोज फॅट३२ आरामात वाचतं. फक्त जोडल्याबरोबर ते 'ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारतं, तिथं नाही म्हणायचं, आधी सगळं कॉपी. डिस्क वाचताना अडखळत असेल तर लिनक्सची लाइव्ह सीडी किंवा यूएसबी लावून डीडीरेस्क्यू वापरा, तो आधी जे सहज वाचता येतं ते काढून घेतो आणि खराब जागी नंतर परत येतो. पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) घेतलीत तर उत्तम, कारण फॉन्ट, लॉकचा ड्रायव्हर, पेजमेकरची सेटिंग हे सगळं नुसत्या फाइली कॉपी करून परत मिळत नाही.

आता लिहितंय कोण ते शोधायचं.

सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार स्क्रीन सेव्हर. तुम्ही मशीन सोडून चहाला जाता, काही मिनिटांनी स्क्रीन सेव्हर सुरू होतो, आणि स्कॅनडिस्क मागे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, स्क्रीन सेव्हर, तिथं 'नन' करून टाका. कंट्रोल पॅनलच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये हार्ड डिस्क बंद करायची वेळ 'नेव्हर' करा. मग कंट्रोल-आल्ट-डिलीट एकदाच दाबा (दोनदा दाबलं तर मशीन रीस्टार्ट होते, सांभाळून), जी यादी येते त्यातला एक्सप्लोरर आणि सिसट्रे सोडून बाकी एकेक निवडून एंड टास्क. प्रत्येक वेळी यादी बंद होते, परत उघडावी लागते, कंटाळवाणं काम आहे पण पूर्ण करा. घड्याळाजवळ टास्क शेड्युलरचं चिन्ह असेल तर तोही थांबवा. ऑफिस ९७ टाकलेलं असेल तर त्याच्यासोबत फाइंड फास्ट नावाचा प्रोग्राम येतो, तो ठरावीक वेळानं गुपचूप सगळ्या फाइलींची अनुक्रमणिका बनवत बसतो, कंट्रोल पॅनलमध्ये त्याचं चिन्ह असतं, तिथून बंद होतो.

मामाजींकडे एवढं सगळं केलं तरी पट्टी मागे जायची थांबेना. अंतर वाढलं, पण मागे जाणं सुरूच.

मग मी जे केलं ते मला वाटतं प्रत्येकानं करावं. स्टार्ट, फाइंड, फाइल्स ऑर फोल्डर्स, त्यात डेट नावाचा टॅब, तिथं गेल्या १ दिवसात बदललेल्या फाइली मागायच्या आणि आलेली यादी बदलाच्या वेळेनुसार लावायची. याच्या आधी घड्याळ बघून घ्या हं, जुन्या मशीनची सीआर २०३२ बॅटरी उतरलेली असते आणि तारीख मागच्या शतकात जाऊन बसलेली असते, मग ही यादी निरुपयोगी. तारीख बरोबर करून घेतली, स्कॅनडिस्क लावला, पट्टी मागे गेल्याबरोबर फाइंड मारलं. सगळ्यात वर विन३८६ डॉट एसडब्ल्यूपी, ती विंडोजची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), ती असणारच. तिच्या खाली विंडोजमधल्या अ‍ॅपलॉग फोल्डरच्या काही फाइली, त्या टास्कमॉनिटर लिहितो, कुठला प्रोग्राम किती वापरला जातो याची नोंद, डीफ्रॅगला उपयोगी पडावी म्हणून. आणि त्याच्या खाली एका अँटिव्हायरसच्या फोल्डरमधली लॉग फाइल, वेळ अगदी आत्ताची. थोडं थांबून परत फाइंड मारलं, तिची वेळ पुढं सरकलेली, आकार वाढलेला.

नोटपॅडमध्ये ती उघडायला गेलो तर फाइल इतकी मोठी की नोटपॅडनं वर्डपॅडमध्ये उघडू का विचारलं. आत काय, तर ओळीमागून ओळ एकच मजकूर, तारीख, वेळ, सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, पुन्हा प्रयत्न करतो. परत तारीख, वेळ, तेच. या मशीनला कित्येक वर्षांपासून इंटरनेटच नाही, अँटिव्हायरसची मुदत कधीच संपलेली, आणि तो बिचारा तेव्हापासून दर काही मिनिटांनी अपडेट आणायला निघतो, संपर्क होत नाही आणि ते इमानदारीनं लिहून ठेवतो. कंट्रोल-आल्ट-डिलीटच्या यादीत तो दिसतच नव्हता, कारण त्याचा एक भाग सर्व्हिससारखा लपून चालतो आणि तसले प्रोग्राम ९८ त्या यादीत दाखवत नाही. मामाजी मागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते, म्हणाले, "इतक्या दिवसापासून हाच लिहून राहिला का?" हो, हाच.

काढायचं कसं तर स्टार्ट, रन, एमएसकॉन्फिग, स्टार्टअप टॅब, तिथं त्या अँटिव्हायरसच्या सगळ्या ओळींची खूण काढली, टास्कमॉनिटरचीही काढली, मशीन रीस्टार्ट. विंडोज ९५ मध्ये एमएसकॉन्फिग नाही, तिथं स्टार्टअप फोल्डर आणि रजिस्ट्रीतली रन की बघावी लागते. आता राहिली स्वॅप फाइल. रॅम कमी असली की विंडोज ही फाइल सारखी लहान-मोठी करतं आणि तो बदल थेट डिस्कच्या तक्त्यात होतो. कंट्रोल पॅनल, सिस्टम, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी, तिथं किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवला की फाइलचा आकार बदलत नाही. विंडोज इथं घाबरवणारी सूचना देतं, व्हर्च्युअल मेमरी पूर्ण बंद करत नसाल तर घाबरायचं कारण नाही.

एवढ्यावर स्टँडर्ड तपासणी (फक्त फाइली आणि फोल्डर बघणारी) एका दमात पूर्ण झाली. काही हरवलेले क्लस्टर निघाले, ते फाइल०००० डॉट सीएचके अशा नावानं सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवले जातात, ते नोटपॅडनं उघडून बघितले, काही कामाचं नव्हतं. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो, 'ऑटोमॅटिकली फिक्स एरर्स' ची खूण काढून ठेवा. प्रत्येक चूक दिसली पाहिजे, नाव वाचता आलं पाहिजे, मगच दुरुस्ती. एकाच क्लस्टरवर दोन फाइलींचा दावा निघाला आणि त्यातली एक तुमच्या ग्राहकाची पत्रिका असली तर ते तुम्हाला कळायला नको?

थरो तपासणी, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग क्लस्टर-क्लस्टर वाचून बघणं, ती मी विंडोजमध्ये करतच नाही. तिला फार वेळ लागतो आणि एवढ्या वेळात काही ना काही लिहिलं जाणारच. दोन रस्ते आहेत. मशीन चालू होताना एफ ८ दाबून (९८ मध्ये कंट्रोल दाबून धरलं तरी चालतं) मेनू आणायचा आणि सेफ मोड घ्यायचा, तिथं स्टार्टअपचे प्रोग्राम चढत नाहीत. किंवा त्याच मेनूतून 'कमांड प्रॉम्प्ट ओन्ली' घ्यायचं आणि स्कॅनडिस्क, एक जागा सोडून सी आणि कोलन, एंटर. हा डॉसमधला स्कॅनडिस्क, इथं विंडोज चालूच नाही म्हणून लिहिणारं कुणी नाही, नव्यानं सुरू व्हायचा प्रश्नच मिटला. विंडोज मी (एमई, ९८ च्या पुढची आवृत्ती) असेल तर त्याच्या मेनूत डॉसचा पर्याय नसतो, स्टार्टअप फ्लॉपी लागते. आणि एक महत्त्वाचं, डॉस ६.२२ च्या जुन्या फ्लॉपीतला स्कॅनडिस्क ९८ च्या डिस्कवर चुकूनही चालवू नका, त्याला लांब नावं समजत नाहीत आणि फॅट३२ ओळखू येत नाही.

विंडोजमधूनच थरो करायची असेल तर ऑप्शन्समध्ये एक खूण असते, लपवलेल्या आणि सिस्टम फाइलींमधले बॅड सेक्टर दुरुस्त करू नका अशा अर्थाची. जुनी काही सॉफ्टवेअर आपलं लॉक तपासायला डिस्कवरच्या ठरावीक जागी लपवलेली फाइल आहे का ते बघतात, स्कॅनडिस्कनं ती हलवली की सॉफ्टवेअर म्हणतं ही चोरीची कॉपी आहे. डीटीपीच्या (छपाईची पानं तयार करायच्या) मशीनवर ही खूण करूनच ठेवा.

डॉसमध्ये चौकोनांचा नकाशा येतो, वाचून झालेल्या जागेचा रंग बदलत जातो. मामाजींच्या डिस्कचा बहुतेक नकाशा स्वच्छ गेला आणि शेवटाकडे आवाज बदलला, पुढं सरकणं मंदावलं, आणि चौकोनात इंग्रजी बी अक्षर उमटलं. मग शेजारी अजून एक. म्हणजे बॅड क्लस्टर. स्कॅनडिस्क त्यांच्यावर खूण करतो, तिथं पुढं काही लिहिलं जात नाही, पण त्या वयाच्या डिस्कवर बी दिसायला लागले की ती बदलायचीच.

म्हणजे दुकानवाल्याचं 'डिस्क गेली' हे अर्धं खरं निघालं म्हणा, पण पट्टी मागे जाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता आणि फॉरमॅट मारून तर हातात काहीच उरलं नसतं.

नवीन आयडीई डिस्क आता मिळत नाही, जुन्यातली घेण्यात अर्थ नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि साधा आयडीई अडॅप्टर, हे जमतं, कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, ड्रायव्हर लागत नाही, आवाज नाही, गरम होत नाही. कार्ड मोठं घ्यायचा मोह टाळा. त्या काळच्या कितीतरी बायोसना (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ८.४ जीबीच्या पुढचं दिसत नाही, काहींना ३२ जीबीच्या पुढचं, आणि ९८ चा स्वतःचा स्कॅनडिस्क साधारण १२७ जीबीच्या वरचा ड्राइव्ह तपासूच शकत नाही. छापखान्याला ४ किंवा ८ जीबीचं कार्ड भरपूर झालं. इमेज कार्डावर उतरवली, मशीन उठली, लॉक ओळखलं गेलं, पेजमेकर उघडला, अडकलेल्या पत्रिकांची छपाई त्याच संध्याकाळी सुरू झाली.

एक्सपीवाल्यांसाठी थोडक्यात, तुमच्याकडे स्कॅनडिस्क नाही, चेकडिस्क आहे, आणि त्याचा त्रास वेगळा, तो मशीन चालू करताना दर वेळी येतो. तिथं ड्राइव्हवर 'डर्टी' खूण (ड्राइव्ह नीट बंद झाला नाही अशी) राहिलेली असते. कमांड प्रॉम्प्टवर एफएसयुटिल डर्टी क्वेरी चालवून ती खूण आहे का ते कळतं. चेकडिस्क एकदा पूर्ण होऊ द्या, तरीही खूण जात नसेल तर चेकएनटीएफएस वापरून तपासणी गप्प करण्याआधी डेटा काढून घ्या, कारण खूण परत परत लागतेय म्हणजे डिस्क, केबल किंवा पॉवर यात काहीतरी आहे.

आणि पॉवरवरून आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गल्लीतले सगळे कूलर एकदम चालू, व्होल्टेज खाली, मशीन अर्ध्यात बंद, आणि फॅटमध्ये लिहायचं राहून गेलेलं तसंच राहतं, चुका तिथून सुरू होतात. यूपीएसची बॅटरी उन्हाळा लागायच्या आधी तपासा. कूलर मशीनच्या तोंडावर लावू नका, वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली हवा थेट कॅबिनेटमध्ये जाते, मामाजींच्या मशीनच्या केबलच्या पिनांवर हिरवट थर चढला होता तो मी पुसून काढला. मशीनची जागा बदलली, आता कूलर माणसांकडे आणि मशीन आतल्या भिंतीला.

पुढचं काम सुरू केलंय ते जुन्या फाइली बाहेर काढायचं, लॉक चालू आहे तोवरच ते होईल. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी प्रिंटरची भाषा) प्रिंटर निवडून प्रिंट-टू-फाइल करायचं, फॉन्ट फाइलमध्येच जातील असं सेटिंग ठेवायचं, ती फाइल नव्या कंप्युटरवर घोस्टस्क्रिप्टनं पीडीएफ करायची. अक्षर जसंच्या तसं राहतं, मजकूर बदलता येत नाही, पण पुन्हा छापता येतो. मामाजींनी वहीत यादी करायला घेतलीय, आधी आरत्यांची पुस्तकं, मग दर वर्षी परत येणारी निमंत्रणं, पत्रिका सगळ्यात शेवटी. कुणाकडे असली मशीन असेल आणि घोस्टस्क्रिप्टवर मराठी फॉन्ट बिघडत असेल तर पोस्टस्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये फॉन्ट 'आउटलाइन' म्हणून पाठवून बघा, आमच्याकडे जोडाक्षरं त्यानंच नीट आली.